चहावरून घर मोजणारे साडभाऊ

कुणाच्या नव्या घरात पाऊल टाकल्यावर माणसं फरशी बघतात, दारावरचं तोरण बघतात, फार तर मोरीला उतार नीट दिलाय का ते बघतात. पण आत शिरल्याबरोबर ज्यांची नजर थेट चहाच्या कपात उतरते, असे गृहस्थ पृथ्वीच्या पाठीवर एकच आहेत आणि दैवयोगाने ते माझे साडभाऊ लागतात. साडभाऊ म्हणजे साडू; मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला साडभाऊच म्हणतात. आमच्या गोंदियाकडे साडूला भाऊ केल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. गोंदियातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त होऊन जवळच कुडव्याला असतात. सामान्य माणसाला घर परवडतं का, आणि परवडतं म्हणजे नेमकं काय होतं, या एका प्रश्नाच्या ते असे हात धुऊन मागे लागले आहेत, की मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला बापसुद्धा इतकी चौकशी करत नसेल.

त्यांना वास्तुपूजेचं बोलावणं करताना लोक दोनदा विचार करतात, याचं कारण हेच. यजमान सोवळ्यात, हातात तीर्थाची पळी, कपाळाला धुराने घाम आलेला, अशा वेळी साडभाऊ पाकीट पुढे करतात आणि त्याच हाताने त्याचा खांदा धरून विचारतात, "अभिनंदन तं सगळेच करून राहिले, मी जरा कामाचं विचारतो. जागेसकट कितीत पडलं? आन् घरात महिन्याचे येते किती?" यजमान हसून वेळ मारून नेऊ बघतो. साडभाऊ सोडत नाहीत. "पाकीट माह्यं घेतलं ना तुम्ही? मंग माहिती मले द्या." मागून ताई, म्हणजे माझी मेव्हणी, त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढत असतात; त्यामुळे त्यांच्या सदऱ्यांची मागची बाजू नेहमी पुढच्या बाजूपेक्षा जास्त चुरगळलेली असते. एकदा एका किराणा व्यापाऱ्याने घराचा आकडा चारचौघांत एक सांगितला, साडभाऊंच्या कानात दुसरा सांगितला आणि स्वतःच्या बायकोकडे लक्ष जाताच घाईघाईने तिसराच सांगितला. साडभाऊ त्या दिवशी इतके खुशीत होते की जेवायला बसल्यावर त्यांनी जिलबी दोनदा मागून घेतली.

सुरुवातीला त्यांचं काम पुस्तकाप्रमाणे चालायचं. "सोपं आहे," ते मला सांगायचे. "घराची किंमत वर मांडायची, वर्षाची कमाई खाली मांडायची, मधी एक रेघ मारायची. उत्तर लहान आलं तं परवडलं, मोठं आलं तं नाही." ती रेघ घेऊन ते स्कूटरवरून जिल्हाभर हिंडले. नवेगावबांधच्या तलावाकाठी जाळं वाळत घालणाऱ्या एका माणसाला त्यांनी कमाई विचारली, तर तो म्हणाला, "कोणत्या महिन्याची सांगू?" एका धानवाल्या शेतकऱ्याने विचारलं, "इकलेलं धान धरू का घरी खाल्लेलं बी धरू?" नागझिऱ्याच्या एका गाईडने तर टोपी मागे सरकवून फार गंभीरपणे शंका काढली, "वाघ दिसला त्या दिवसाची सांगू का नाही दिसला त्या दिवसाची?" पावसाळ्यात जंगल बंद, तेव्हा कमाईही बंद, हे त्याने वर ऐकवलं ते वेगळंच.

बरं, खालचा आकडा असा निसटता, तर वरचा तरी हाताला लागावा! पण आमच्याकडे घर कुणी एकदम विकत घेतं थोडंच? भिंती लग्नाच्या आधीच्या असतात, स्लॅब पोरगी झाल्यावरचा असतो, खिडक्या एखाद्या चांगल्या हंगामात बसतात आणि प्लास्टर अजून जन्माला यायचं असतं. घरवाल्याला किंमत विचारली की तो म्हणतो, झाल्यावर सांगतो. साडभाऊ एक दिवस आमच्या ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साडभाऊ, रेघेच्या वरचा आकडा खोटा, खालचा बी खोटा. एकटी रेघ तेवढी खरी निघाली." महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार आणि पैसे मोजले की हातात किल्ली, अशा कुठल्यातरी देशात ते पुस्तक लिहिलं असावं, असं त्यांचं मत पडलं. पण प्रश्न सोडून देतील तर ते साडभाऊ कसले.

त्यानंतर काही दिवस त्यांनी सळयांचा नाद धरला. आमच्याकडे एकमजली घराच्या गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर सोडून देतात, पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून. साडभाऊंचं म्हणणं, त्या सळयांचा गंज बघितला की घरवाल्याला खालचं घर कितपत झेपलं ते कळतं. कुडव्याच्या रस्त्यावर ते मध्येच स्कूटर थांबवून मान वर करून उभे राहायला लागले. लोकांना वाटायचं, नगरपालिकेचा माणूस आला. एका घराच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईने शेवटी हटकलंच.

"काय पाहून राहिले जी?"

"तुमचा वरचा मजला."

"वरचा मजला तं नाही आमाले."

"म्हणूनच तं पाहून राहिलो."

बाईने वाळवण गोळा केलं आणि खाली जाऊन दाराला कडी लावली. पुढे कुणीतरी त्या सळयांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घालायची टूम काढली, गंज दिसेनासा झाला आणि साडभाऊंचं ते शास्त्र तिथेच आटोपलं.

मग चहा सापडला. तो सापडला त्यांच्या लहानपणात. गावच्या घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, काढून वडिलांनी पत्रे टाकले त्या वर्षी, ते सांगतात, घरात दुधाचा चहा बंद झाला होता. भिंत तशीच, दार तसंच, जेवायला भात-वरण तसंच. फक्त आईच्या आणि भावंडांच्या कपातला रंग काळा झाला. "घराचा हप्ता पगारातून जाते असं तुमाले वाटते," ते म्हणाले. "नाही. तो दुधातून जाते." हे त्यांना सुचलं त्या दिवशी ते धावतच माझ्याकडे आले होते, पायात दोन वेगळ्या चपला घालून. माणसाकडे किती येतं हे विचारू नये, घर घेतल्यावर काय उरतं ते बघावं. आणि काय उरलं ते चहात दिसतं, कारण साखर-पत्तीवाचून चहा होत नाही, पण दुधावाचून होतो. मला मान्य करावं लागलं की यात काहीतरी आहे.

नियम असा ठरला की वास्तुपूजेच्या दिवशीचा चहा धरायचा नाही, त्या दिवशी सगळेच राजे असतात. बरोबर वर्ष झालं की त्या घरी जायचं. साडभाऊंची स्कूटर गल्लीत वळायची आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागायची. ते समोरच्या खोलीत बसायचे, चहा आला की कप उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे, एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे, "परवडलं." एकदा मी सोबत होतो. आम्ही बसलो असताना त्या घरची सून मागच्या भिंतीवरून शेजारणीच्या हातून स्टीलचा गिलास घेताना मला खिडकीतून दिसली. साडभाऊंनाही दिसली. "पाहा," ते कौतुकाने म्हणाले, "शेजार चांगला आहे. घराच्या किमतीत हे बी धराले पाहिजे."

आमचं घरही त्यांनी असंच मोजलं होतं. आम्ही कर्ज काढून घर घेतलं त्याला आता बरीच वर्षं झाली. वर्षाच्या दिवशी साडभाऊ आले, माझ्या बायकोने असा चहा केला की त्यावर साय धरली, आणि त्यांनी दोन घोटांत निकाल दिला. मी तो निकाल ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. परवडलेलं घर असलेला माणूस म्हणून माझी मान काही दिवस जरा वरच होती.

पण साडभाऊंना मात्र या चहाने पेचात टाकलं. ज्या घरी जावं तिथे चहा दाट. धान बुडालं त्या वर्षीही दाट. ज्याचं दुकान बसलं त्याच्याकडेही दाट. "पुस्तक म्हणते या लोकायले घर परवडत नाही," ते हैराण होऊन म्हणायचे, "चाय म्हणते परवडते. दोघांतून कोण खोटं बोलून राहिलं?" आणि हा उलगडा होईपर्यंत स्वतः घर घ्यायचं नाही, असा त्यांनी पण केला होता. लग्नापासून ते भाड्याच्याच घरात. ज्याला मोजता येत नाही त्याने घेऊ नये, असं त्यांचं साधं म्हणणं.

यात ताईंची कुचंबणा होत होती. त्या मागण्याच्या स्वभावाच्या नाहीत. पण कुडव्याच्या त्या घरात त्यांचं कॅलेंडर भिंतीवर नव्हतं, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं होतं. घरमालक रायपूरला राहायचा आणि त्याची एकच अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. वारा आला की कॅलेंडर फिरून तोंड बाहेर करायचं आणि ताईंना चतुर्थी बघायला अंगणात जावं लागायचं. त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "मले मोठं घर नको व. एक खिळा ठोकता येईल येवढी भिंत माही असावी, बस्स." त्यांनी हे हसत सांगितलं, पण माझ्या बायकोने मला ते सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

तर गेल्याच्या मागल्या दिवाळीच्या सुमाराला त्या रायपूरवाल्याचा निरोप आला की घर विकायचं आहे. तुम्ही घेता तर तुम्हाला आधी, नाहीतर होळीपर्यंत रिकामं करा. साडभाऊंची झोप उडाली. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं होतं ते सगळं घातलं तरी थोडं कर्ज काढावं लागणार होतं. ते रोज संध्याकाळी घराबाहेर उभे राहून घराकडेच बघायचे.  ताईंनी अंगणातल्या सीताफळाला पाणी घालणं थांबवलं, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्याचं होणार असलेल्या झाडाला पाणी घालायला त्यांचा हात धजत नसावा.

अशात एका रविवारी दोघं आमच्याकडे आले. साडभाऊ समोरच्या खोलीत माझ्याजवळ बसले, बहिणी-बहिणी आत. चहा आला. साडभाऊंनी कप उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग खाली ठेवून म्हणाले, "मी ठरवलं. पुस्तक चुकते. इतक्या घरची चाय खोटी बोलणार नाही. इतक्या लोकायले परवडलं, आपल्याले बी परवडेल. घेऊन टाकू." माझ्या तोंडून शाब्बास निघालं. ताई दारात येऊन उभ्या होत्या. जन्मभर ज्याची वाट बघितली ते वाक्य त्यांनी ऐकलं, आणि मला वाटलं त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

त्या म्हणाल्या, "यावरून नका घेऊ."

साडभाऊंनी मान वर केली.

"घर मले पाहिजे," ताई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जास्त मले पाहिजे. पण चायवरून नका घेऊ. पाहुण्याच्या कपातलं दूध कमी करणारी बाई मी तं आपल्याकडे पाह्यली नाही. तुमी समोरच्या खोलीत बसता. तिथं चाय दाटच येते. मांगच्या खोलीत आमच्या कपात काय आहे, ते तुमी कोण्या घरी पाह्यलं?"

"मी लहान असताना आमच्या घरी..." साडभाऊ म्हणायला लागले.

"तेव्हा तुमी मांगं बसत होते. पोट्टे होते. म्हणून दिसलं." मग त्या पुढे म्हणाल्या, "उद्या घर घेतलं की तुमी समोर बसून चाय पेसान आन् म्हणसान परवडलं. आन् मी मांगं काळी पेत राहीन. मले पेवाले काही नाही जी. पण तुमाले मालूम तं असावं."

 साडभाऊ उठले आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले. मीही गेलो, का ते मला सांगता यायचं नाही. ओट्यावर दोन कप होते. ताईंचा दुधाचा, कारण त्या आमच्याकडे पाहुण्या होत्या. दुसरा माझ्या बायकोचा, काळा. मी तो कप तिच्या हातात रोजच बघत आलो होतो आणि तिला तसाच आवडतो अशी माझी खात्री होती. माझ्या बायकोने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "असे काऊन पाहून राहिले दोघं जण? सरका, भजे जळते."

त्यानंतर साडभाऊंनी जे केलं ते त्यांनाच शोभणारं होतं. एवढ्या वर्षांचं मोजमाप चुकलं म्हणून दुसरा कुणी अंथरूण धरून बसला असता. यांना नवा हुरूप आला. जुनी सगळी घरं मागच्या दाराने पुन्हा मोजायची असं त्यांनी ठरवलं. एक-दोन ठिकाणी कुत्रं अंगावर आलं. एका ठिकाणी भांडी घासणाऱ्या म्हातारीने ओळखलं नाही आणि राखेची मूठ उगारली. ज्या सुनेने भिंतीवरून दुधाचा गिलास घेतला होता ती मात्र त्यांना मागच्या पायरीवर बघून हसली आणि म्हणाली, "गुरुजी, यंदा दाट आहे. पाहा." आणि खरोखरच आपला कप पुढे केला. हे साडभाऊंनीच मला येऊन सांगितलं. म्हणाले, "मी तिच्या घरी निकाल सांगून आलो होतो, साडभाऊ. ती तेव्हा आत कोणती चाय पेत होती, मले मालूमच नाही." आणि मग, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, "पण यंदा दाट आहे बरं. म्हणजे परवडाले किती वर्षं लागते ते मोजता येईल."

घर त्यांनी घेतलं. होळीच्या आधी कागद झाले. त्याआधी एका सकाळी ते ताईंसमोर स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसले होते म्हणे, आणि त्यांनी विचारलं होतं, "किती दिवस काळी चालेल तुले?" ताई म्हणाल्या, "तुमी सोबत पेत असान तं मोजाले काऊन लागते?" हे मला ताईंनी सांगितलं नाही, साडभाऊंनी सांगितलं, आणि नंतर दोन दिवस ते मला टाळत होते.

यंदा वर्ष झालं. नियमाप्रमाणे आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. मोजायला कोणीतरी जायलाच हवं ना. घराला बाहेरून काही केलेलं नव्हतं, तोच रंग, तोच दिंडी दरवाजा. सीताफळ तजेलदार दिसत होतं. आत समोरच्या भिंतीवर मधोमध कॅलेंडर. ते जरा तिरकं होतं, कारण खिळा ताईंनी स्वतः ठोकला होता आणि तो वाकला होता. साडभाऊंना तो काढून सरळ ठोकायचा आहे. ताई काढू देत नाहीत. त्यावरून आमच्यासमोर एक छोटं भांडण झालं आणि ते साडभाऊ हरले.

चहा आला. मी कप उजेडात धरला. दाट होता, आलं घातलेलं होतं. "तुमचा कुठाय?" मी विचारलं. साडभाऊ म्हणाले, "मी आता आतच पेतो," आणि मला हाताला धरून आत घेऊन गेले. ओट्याजवळ दोन पाट समोरासमोर मांडले होते आणि मध्ये दोन कप होते, दोन्ही काळे. साडभाऊंनी आधी ताईंच्या कपात वाकून बघितलं, मग आपल्या कपात, जसं परीक्षेचे पेपर तपासताना बघत असतील तसं. "अजून नाही परवडलं," ते म्हणाले. असा निकाल मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला, आणि तो सांगताना त्यांच्याइतका समाधानी माणूस मी बघितला नाही. ताई पाटावर बसल्या-बसल्या हसत होत्या. माझी बायकोही त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसली आणि पाहुणी म्हणून तिला दिलेला दुधाचा कप तिने हळूच माझ्याकडे सरकवला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या खोलीत न बसता स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिने विचारलं, "काऊन जी, पेपर नाही आला का?" मी म्हटलं, आलाय. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि आपला कप भरला. तोच काळा. आमचं कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली आहेत. मी पातेल्यातलं दूध तिच्या कपात ओतायला हात पुढे केला, तर तिने कपावर तळहात धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "आता दुधाची चाय मले गोडच लागत नाही." मग आम्ही दोघं चहा प्यायलो. माझा दाट होता आणि मला तो त्या सकाळी काही केल्या संपवता येईना.